वळचणीखालचा वितो

पाऊस आला की आमच्या आक्वामारा गावातल्या बायका दोरीवरचे कपडे काढायला धावायच्या आणि रोक्कीना घरातून बाहेर पडायची. डोक्याला काळा रुमाल, हातात काही नाही. घरामागच्या गोठ्याच्या वळचणीखाली, भिंतीला पाठ लावून ती उभी राहायची आणि पागोळ्या जमिनीवर पडताना बघत बसायची. पाऊस थांबला की घरात. गावातली टवाळ पोरं तिला 'पन्हळ' म्हणायची. नव्या सुना एकमेकींना कोपर मारायच्या. आम्ही जुनी माणसं काही विचारत नव्हतो, कारण आम्हाला ठाऊक होतं. आमच्या गावात ठाऊक असण्याचा आणि मदतीला जाण्याचा एकमेकांशी काही संबंध नसतो.

मला तर सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं. माझी आई फिलिप्पा गावची सुईण, आणि त्या दिवशी पाण्याची वाटी तिच्याच हातात होती.

युद्ध संपून थोडेच हिवाळे झाले होते. रोक्कीना आणि तिचा नवरा कानियो गावाबाहेर राहायचे, ज्या रानाला आम्ही 'महाल' म्हणतो तिथे. त्याला महाल का म्हणतात हे कुणी सांगू शकत नसे, तिथे दगडधोंड्यांशिवाय काही नव्हतं. बर्फानं वाट बुजली होती. आई कशीबशी पोहोचली तेव्हा मूल जन्मलेलं होतं आणि निळं पडत चाललं होतं. फादरना बोलावण्याइतका वेळ नव्हता. अशा वेळी सुईणीनं बाप्तिस्म्याचं पाणी घातलेलं देवाला चालतं. पाणी आणि नाव, एवढंच लागतं. आईनं वाटी उचलली, तर सासूनं, जेरार्दानं, तिचं मनगट धरलं.

"नाव कुठलं घालतेस?"

"पहिला मुलगा आहे, आजोबाचंच घालणार ना. वितो."

"माझ्या नवऱ्याचं नाव ह्या मरतुकड्यावर? वाया जाईल ते! पुढच्या मुलाला काय ठेवायचं मग?"

"अगं, जीव चाललाय त्याचा! बरं, दुसरं सांग. कुठल्याही संताचं सांग."

"माझ्या घरातला पहिला मुलगा दुसऱ्याच्या नावानं जाणार नाही. तूच बोल की रे कानियो!"

कानियो दारात टोपी चुरगाळत उभा होता. दोघी अशा वाद घालत असताना मूल गेलं. आई मरेपर्यंत ही गोष्ट सांगायची आणि शेवटी जेरार्दाला एक शिवी घालायची, ती मी इथे लिहीत नाही.

बाप्तिस्मा न झालेल्या मुलाला चर्चच्या जमिनीत जागा नाही. अशांना आमच्याकडे वळचणीखाली पुरतात. छपरावरचं पाणी वर्षानुवर्षं त्यांच्यावर पडत राहतं, आणि फादरच्या हातून राहिलं ते काम थेंबाथेंबानं होतं. होतं की नाही, ते सांगायला कुणी परत आलेलं नाही. कानियोनं गोठ्याच्या भिंतीशी खड्डा खणला. महालाच्या मातीत जुनी जाड कौलं नांगराला सारखी लागायची, आम्ही त्यांनी कोंबड्यांची खुराडी शाकारायचो. त्यातलंच एक अख्खं नळीचं कौल त्यानं बाळावर पालथं घातलं. रोक्कीनानं बाळाच्या मुठीत एक काळं पडलेलं नाणं ठेवलं. त्यावर कुठल्याशा सम्राटाचं डोकं होतं. कानियोला ते नांगरताना सापडलं होतं, आणि लग्नाआधी अंगठी घ्यायची ऐपत नव्हती म्हणून त्यानं तेच तिला दिलं होतं. तिच्यापाशी स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं.

पुढे तिला मूल झालंच नाही. जेरार्दानं जपून ठेवलेलं नाव कुणाच्याही उपयोगी न पडता तिच्याबरोबरच गेलं.

रोक्कीनाचे केस पांढरे झाले तेव्हा महालाचं कोडं सुटलं. पाण्याचा नळ टाकताना मजुरांना रंगीत खड्यांची फरशी लागली, आणि सरकारी माणसांनी येऊन सांगितलं की इथे रोमन काळातल्या एका जमीनदाराचा मोठा शेतवाडा होता. मधोमध चौक, चारी बाजूंना ओसरी, मागे गुलामांच्या खोल्या. कानियोचा गोठा ज्या भिंतीवर उभा होता ती भिंतसुद्धा त्याच चौकाची निघाली. सरकारनं रान घेतलं, कानियोला गावात घर दिलं आणि खोदकामावर रखवालदार नेमलं. पितळी बिल्ल्याची टोपी मिळाली. जन्मभर गाढवाशी बोललेल्या माणसाला आता उत्तरेकडचे सुशिक्षित लोक 'सिन्योर कानियो' म्हणू लागले. तो टोपी घालूनच जेवायला बसायचा.

गोठा पाडणार हे कळलं त्या दिवसापासून रोक्कीना त्याच्या मागे लागली.

"आधी त्याला काढून आण. नवीन फादर चांगले आहेत, मी त्यांच्याशी बोलते. दफनभूमीच्या भिंतीत माझ्या शवपेटीसाठी कोनाडा राखलाय, त्यात ठेवू दे त्याला. मी मेले की माझ्याजवळ असेल."

"बघू."

"बघू काय? ते यंत्र घेऊन येतायत!"

"बघू म्हटलं ना! आता लगेच खणायला गेलो तर लोक काय म्हणतील? रखवालदारच चोरी करतो म्हणतील."

तो बघतच राहिला. यंत्र आलं, गोठा पाडून वरची माती ओढून घेऊन गेलं, रानाला कुंपण पडलं. मग रोक्कीनानं खापऱ्या धुण्याचं काम धरलं. मीही तिथेच होते. अंजिराच्या झाडाखाली टब मांडलेले असायचे, आम्ही गावच्या बायका जुन्या दात घासायच्या ब्रशांनी रोमनांची फुटकी भांडी घासायचो. इतकी निगा आम्ही स्वतःच्या भांड्यांचीही कधी राखली नाही. रोक्कीनाच्या मनात काय होतं ते मला पहिल्याच दिवशी कळलं. ती धूत होती टबात, आणि डोळा होता भिंतीकडे.

मुख्य प्रोफेसरीणबाई होत्या गिझलेरी. आखूड पांढरे केस, आवाज कधी चढायचा नाही. त्यांचा एकच नियम होता आणि तो त्या जपमाळेसारखा म्हणायच्या. खापऱ्या पाण्यात, हाडं कोरडी. हाडांना पाणी लावायचं नाही, नुसत्या मऊ ब्रशानं माती झटकायची.

एका सकाळी भिंतीजवळच्या आठव्या चरातून बाईंची खणणारी विद्यार्थी पोरं ओरडली. आम्ही सगळ्या ओल्या हातांनी धावलो. पालथं नळीचं कौल उचललेलं होतं. खाली हातभरसुद्धा नसलेला सांगाडा, आणि बोटांच्या हाडांत ते काळं नाणं.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आनंदाचं. त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. रोमन लोकसुद्धा तान्ही मुलं वळचणीखाली पुरायचे. कौल रोमन, नाणं रोमन, भिंत रोमन, याहून सबळ पुरावा कुठला हवा? नाणं मृतांना नदीपलीकडे नेणाऱ्या नावाड्याला देण्यासाठी. "किती कोवळं दुःख आहे हे," त्या म्हणाल्या आणि विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या. आठव्या चरात सापडला म्हणून त्यांनी त्याचं नाव ओत्ताव्यो, म्हणजे आठवा, ठेवलं. एकीनं पाण्याची बाटली उंचावली आणि सगळी ओरडली, "ओत्ताव्यो!" ज्या पोराला एक नाव द्यायला घरची माणसं तयार नव्हती, त्याला परक्या पोरांनी हसता हसता नाव देऊन टाकलं.

फोटोसाठी मोजपट्टीचा दांडा धरायला कुणीतरी हवं होतं. तो कानियोनं धरला. मी त्याच्याकडे बघत होते. दांडा सरळ आहे की नाही एवढंच तो बघत होता.

हाडं एका लाकडी तबकात आमच्या टेबलावर आली. सगळ्यांत हलका हात रोक्कीनाचा, म्हणून बाईंनी तबक तिच्यापुढे ठेवलं. "कोरडं हं, सिन्योरा," त्या प्रेमानं म्हणाल्या.

रोक्कीनानं ब्रश हातात घेतला. अगदी हलक्या हातानं ती माती झटकत होती. डोक्याची हाडं, हनुवटी, मग हात. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "झिता, जेवायला जा."

"तू?"

"मी येते."

मी गेले नाही. तिनं टबातून पाण्याचा मग भरून घेतला आणि तबकावर धरला.

"वितो, मी तुला बाप्तिस्मा देते. पित्याच्या, आणि पुत्राच्या..."

पुत्राच्या म्हणताना तिनं हात कलता केला. पाणी हाडांवरून ओघळलं आणि तबकातली सुकी माती भिजून लाल झाली. एक विद्यार्थिनी किंचाळली. बाई धावत आल्या आणि त्या दिवशी प्रथमच मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला.

"सिन्योरा! काय केलंत हे? दोन हजार वर्षं कोरडं राहिलेलं..."

"कोरडं कुठलं? दर पावसात भिजत होता. मी उभी असायचे ना तिथे."

"कोण भिजत होता?"

"माझा मुलगा."

बाई मोठ्या शिकलेल्या होत्या, त्यांनी आणखी आरडाओरड केली नाही. तिला खुर्चीत बसवलं, तिचा हात हातात घेतला आणि कानियोला बोलावलं. कानियो आला, टोपी काढून उभा राहिला, अगदी तसाच जसा आईच्या गोष्टीत दारात उभा असायचा.

"सिन्योर कानियो, तुमची पत्नी म्हणते की हे तुमचं मूल आहे. तुम्ही पुरलंत म्हणते."

रोक्कीनानं त्याच्याकडे बघितलं. रागानं नाही, अगदी आशेनं बघितलं, तेच मला अजून सहन होत नाही.

कानियो टोपीच्या बिल्ल्यावर अंगठा घासत राहिला. मग म्हणाला, "आम्हाला मूल झालंच नाही, बाई. तेच तिच्या डोक्यात बसलंय."

मी तिथेच भडकले. "खोटं बोलताय कानियोकाका! माझ्या आईच्या हातात वाटी होती! जेरार्दानं मनगट धरलं आणि तुम्ही..."

"तुझी आई दारू प्यायची, झिता," तो म्हणाला. आई सणाला घोटभर घ्यायची, सगळ्या गावासारखी.

बाईंनी माझ्याकडे वळून बघितलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. मला वाटलं, पटलं यांना. त्यांनी पिशवीतून टेपरेकॉर्डर काढला. "म्हणजे तुमच्या गावात अजून अलीकडेपर्यंत वळचणीखाली पुरायचे? रोमनांची प्रथा इतकी टिकली? विलक्षण! पुन्हा पहिल्यापासून सांगाल, सावकाश?" मी वेड्यासारखं सगळं सांगितलं. पुढे त्यांनी त्यावर लेख लिहिला म्हणे. लोककथा म्हणून.

रोक्कीनाचं काम त्याच दिवशी गेलं. कानियोला मी नंतर गाठलं तेव्हा तो म्हणाला, "चोरून पुरलं म्हणून पोलीस विचारतील. सरकारी बाईच्या तोंडावर इतके दिवस गप्प बसलो म्हणून नोकरी जाईल. आणि कशासाठी? पोर तर मेलेलंच आहे ना?" टोपी डोक्यावर नीट बसवून तो निघून गेला.

रोक्कीना फादर एलिजोंकडे गेली. तरुण माणूस, मनानं चांगला. ते म्हणाले, "घेऊन या, मावशी. उद्याच पुरतो. तुमच्या कोनाड्यात, प्रार्थना करून. आता आम्ही अशा बाळांना देवाच्या दयेवर सोपवतो."

"मग आधी कुणावर सोपवलं होतं?"

फादर तिच्याबरोबर बाईंच्या कचेरीत आले, मीही गेले. बाईंनी कॉफी मागवली. म्हणाल्या, माझा कुणावर राग नाही, पण विज्ञानाला पुरावा लागतो. प्रयोगशाळेत तपासणी होते, हाड किती जुनं ते कळतं. तपासणीत खरं निघालं तर मी स्वतः तुमची माफी मागेन.

"करा मग," फादर म्हणाले.

"एक अडचण आहे. त्यासाठी हाडं जाळावी लागतात, पूड करून. मोठ्या माणसाचं असतं तर एक तुकडा पुरला असता. हे इतकंसं आहे. बहुतेक सगळंच लागेल."

रोक्कीनानं कप खाली ठेवला. "म्हणजे तो माझा आहे हे कळेल, आणि तो नसेल?"

"तसंच म्हणावं लागेल, सिन्योरा. पण सत्य कळेल."

मला ओरडावंसं वाटत होतं, पण काय म्हणून ओरडू? फादर खिडकीबाहेर बघत होते. मग रोक्कीना उठली, रुमालाची गाठ घट्ट केली.

"नको. जाळू नका त्याला. तुमचाच म्हणा."

ती दारापर्यंत गेली तोच बाई फादरना हळूच म्हणाल्या, "बघितलंत? खरी आई असती तर तपासणीला घाबरली नसती." हळू म्हणजे आम्हा दोघींना ऐकू येईल इतकं हळू.

गावातल्या जुन्या मठात म्युझियम झालं. मेयर आले, बँड वाजला, तळलेल्या लाल मिरच्या आणि वाइन फुकट म्हणून सगळं गाव आलं. खिडकीजवळच्या काचेच्या पेटीत तो ठेवला होता, कौलासकट, नाण्यासकट. खाली पाटी होती. 'ओत्ताव्यो. रोमन तान्हं मूल, बहुधा गुलाम स्त्रीचं.' शाळेची पोरं काचेला नाक लावून त्याला हाका मारायची. मला तिथे झाडलोटीचं काम मिळालं. कानियो चौकीवरून म्युझियममध्ये आला, नवी टोपी घेऊन. पर्यटकांनी विचारलं की तो पेटीकडे हात करून सांगायचा, "रोमन. गुलामाचं पोर." बक्षिशी खिशात घालायचा.

रोक्कीना फक्त पावसात यायची. ओली छत्री घेऊन पेटीशी जायची आणि काचेवर झटकायची. एकदा, दोनदा, मग दर पावसात. लोकांनी तक्रार केली आणि दारावर सूचना लागली, ओल्या छत्र्या बाहेर ठेवाव्यात. सूचना कानियोनंच लावली. मग ती छत्रीशिवाय यायला लागली. डोकं उघडं, केसांतून पाणी गळतंय, अशी पेटीवर वाकून उभी राहायची.

तिकिटावरची पोरगी एकदा वैतागून म्हणाली, "मावशी, ओत्ताव्यो नाही हो भिजत! वर काच आहे ना!"

"वितो."

"काय?"

"वितो नाव आहे त्याचं."

पोरगी हसली. कपाळाजवळ बोट फिरवून तिनं कानियोकडे बघितलं, आणि कानियोही हसला. मी हातातला झाडू तिथेच टाकून निघून गेले, नाहीतर कुणाच्या तरी पाठीत बसला असता.

त्याच हिवाळ्यात रोक्कीनाच्या छातीत कफ भरला आणि ती गेली. प्रेतयात्रेत कानियो इतका मोठ्यानं रडला की बायका त्यालाच सावरत होत्या. बाईंनी सुंदर फुलांचं चक्र पाठवलं. गवंड्याला सांगून रोक्कीनानं आपल्या कोनाड्यात उशाशी थोडी जागा मोकळी ठेवायला लावली होती. कानियोनं तिथे प्लास्टिकच्या फुलांची फुलदाणी ठेवली.

पुढच्या वर्षी मोठा पाऊस झाला. सोमवार होता, म्युझियम बंद, मी आणि कानियो दोघंच आत. मठाच्या छपरावरचं एखादं कौल सरकलं असावं. मी फडकं घेऊन खिडकीशी गेले आणि थांबले. छतावर एक थेंब जमत होता, लोंबत होता, आणि बरोबर पेटीच्या दोन काचांच्या सांध्यावर पडत होता. तिथून आत ओघळत होता. आत डोक्याची हाडं ओली झाली होती, कपाळावर पाण्याची चकाकी होती. मला देवाधर्माचं फारसं कौतुक नाही, पण मी तिथे क्रूसाची खूण केली.

मी कानियोला हाक मारली. तो आला, वर बघितलं, खाली बघितलं. त्यानं टोपी काढली. मला वाटलं, आता तरी.

"कानियोकाका," मी म्हटलं, "आज कुणी येणार नाही. पाऊस थांबेपर्यंत राहू दे. मी कुणाला सांगणार नाही. तुम्ही तरी त्याला एवढं द्या."

दोन-तीन थेंब पडले. तो बघत उभा होता. मग त्यानं टोपी घातली.

"पेटीची जबाबदारी माझ्यावर आहे, झिता. उद्या मलाच विचारतील."

त्यानं फोन केला. दुपारपर्यंत माणसं आली, पेटी उघडून त्यांनी हाडं कापसानं टिपून कोरडी केली आणि पेटी समोरच्या कोरड्या भिंतीला हलवली. जाताना ते सांध्यावर लावायची चिकटपट्टी देऊन गेले. कानियोनं शिडीवर चढून ती स्वतः लावली, आणि मग अंगठ्यानं सगळ्या कडा दाबत फिरला, कुठे फट राहायला नको म्हणून.